खुर्चीतून उठलात की कॉम्प्युटर लॉक : फोनच्या ब्लूटूथवर चालणारं कुलूप कसं बसवायचं

आमच्या ऑफिसात एक प्रथा होती. कुणी कॉम्प्युटर उघडा टाकून चहाला गेलं, की तो परत येईपर्यंत त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून ऑफिसच्या ग्रुपवर संदेश पडायचा : ‘आज सगळ्यांना मिसळ माझ्याकडून.’ आणि मिसळ खरोखर द्यावी लागायची. दोन-तीनदा खिसा हलका झाला की माणूस सुधारतो, असा आमचा समज होता.

मग एका जुलैत, रिटर्न भरायची धांदल चालू असताना, समोरच्या खुर्चीतल्या अशिलाने सहज विचारलं, ‘‘आमच्या शेजारच्या शेठचं उत्पन्न एवढंच दाखवता होय?’’ स्क्रीनवर खरंच त्याच्या शेजारच्या दुकानदाराचं विवरणपत्र उघडं होतं आणि ते भरणारा आमचा माणूस झेरॉक्स मशीनपाशी उभा होता. मिसळीचा विषय त्या दिवशी संपला.

विंडोजचं बटण आणि एल ही दोन बटणं एकदम दाबली की कॉम्प्युटर लॉक होतो, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून हात तिकडे जात नव्हता. म्हणून मी, काही अपवाद सोडून, ऑफिसातल्या नऊ मशीनवर डायनॅमिक लॉक बसवलं. फोन खिशात घेऊन तुम्ही लांब गेलात, ब्लूटूथचा सिग्नल पडला, की विंडोज स्वतःहून लॉक होतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटबरोबर ही सोय आली आणि विंडोज ११ मध्येही आहे. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, पैसे लागत नाहीत. चेहरा बघून आत घेणाऱ्या सोयीचं नाव ‘विंडोज हॅलो’, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, या कुलपाच्या नोंदीचं नाव आहे ‘एनेबल गुडबाय’. मायक्रोसॉफ्टमध्येही कुणीतरी गमत्या बसलेला असणार.

बसवायला दहा मिनिटं लागतात. ते नीट चालावं म्हणून मात्र मला आठवडा घालवावा लागला. तो आठवडा तुमचा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सेटिंगला हात लावण्याआधी

आधी दोन दिवस नुसतं बघा, की जागेवरून उठताना तुमचा फोन कुठे असतो.

हसू नका, सगळं यावरच अवलंबून आहे. आमच्याकडे नऊपैकी चार जणांचा फोन दिवसभर टेबलावर चार्जिंगला. माणूस चहाला, फोन टेबलावर आणि कॉम्प्युटरची खात्री, की मालक इथेच बसलाय. हे कुलूप माणसाला ओळखत नाही, फोनला ओळखतं. त्यामुळे चार्जरची जागा बदलणं ही माझ्यासाठी खरी पहिली पायरी ठरली. टेबलावरचे चार्जर काढून दाराजवळच्या बोर्डावर लावले. बाहेर जाताना फोन तिथून उचलला जातो. ज्यांना ते पटलं नाही, त्यांच्या मशीनवर मी हे कुलूप बसवलंच नाही. तिथे पुढे सांगितलेला स्क्रीन सेव्हरचा उपाय केला. खोट्या भरवशापेक्षा तो बरा.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटरला ब्लूटूथ आहे का ते पाहा. लॅपटॉपला बहुतेक असतंच. जुळणी करून घेतलेल्या डेस्कटॉपला बरेचदा नसतं. अशा वेळी काही शे रुपयांत मिळणारा यूएसबी ब्लूटूथ डोंगल घ्या, पण तो कॅबिनेटच्या मागच्या बाजूला खुपसू नका. एक तर पत्र्याचं कॅबिनेट सिग्नल अडवतं. शिवाय यूएसबी ३ ची पोर्ट आणि त्यांना जोडलेल्या हार्ड डिस्क नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं. पुढच्या बाजूचं यूएसबी २ चं पोर्ट वापरा. त्याहून बरं म्हणजे हातभर लांबीची एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर आणा. आमच्या दोन मशीनची तक्रार एवढ्यानेच मिटली.

तिसरं, विंडोजच्या खात्याला पासवर्ड किंवा पिन असलाच पाहिजे. नुसतं एंटर मारून आत जाता येत असेल, तर लॉक होऊन उपयोग काय?

जोडणी

विंडोजचा मेनू इंग्रजीत आहे असं धरून नावं देतोय. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, म्हणून पायऱ्या ११ च्या धरल्या आहेत. १० मध्ये जिथे फरक आहे तिथे सांगतो.

१. फोनचं ब्लूटूथ चालू करा आणि ब्लूटूथचाच पडदा उघडा ठेवा. तो उघडा असेपर्यंतच बहुतेक फोन इतरांना दिसतात.

२. कॉम्प्युटरवर सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, अ‍ॅड डिव्हाइस, ब्लूटूथ या क्रमाने जा. विंडोज १० मध्ये सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस हा भाग आहे, तिथे अ‍ॅड ब्लूटूथ ऑर अदर डिव्हाइस.

३. यादीत फोनचं नाव येईल. ऑफिसात एकाच कंपनीचे पाच फोन असतील तर आधी आपापल्या फोनला वेगळं नाव द्या, नाहीतर शेजाऱ्याच्या फोनला आपलं मशीन बांधून बसाल. आमच्याकडे हा प्रकार घडला आणि एकाचं कुलूप दुसऱ्याच्या चहाच्या वेळेवर चालत राहिलं.

४. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी अंक येतो. तो सारखाच आहे ना हे बघून दोन्हीकडे होकार द्या.

५. आता सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स. खाली डायनॅमिक लॉक दिसेल. ते उघडून ‘अलाउ विंडोज टु ऑटोमॅटिकली लॉक युवर डिव्हाइस व्हेन यू आर अवे’ या ओळीपुढच्या चौकोनात खूण करा.

६. विंडोज सिक्युरिटी उघडा आणि त्यात अकाउंट प्रोटेक्शन. डायनॅमिक लॉकची अवस्था तिथे लिहिलेली असते. फोन सापडत नसेल किंवा ब्लूटूथ बंद असेल तर तिथेच कळतं. ही जागा लक्षात ठेवा, पुढेही बिघाड शोधताना कामाला येते.

चौकोन करडा पडून खूण होत नसेल आणि मशीन कंपनीचं असेल, तर बहुधा कंपनीच्या धोरणाने तो बंद केलेला असतो. मग आयटीवाल्यांना सांगावं, स्वतः खटपट करू नये.

एका मशीनला एकच फोन जोडलेला ठेवा. जुना फोन बदलला असेल तर यादीतून काढून टाका. हेडफोन जोडलेले राहिले तरी चालतात, कारण मूळ मांडणीत विंडोज फक्त फोन या वर्गातल्या उपकरणावर नजर ठेवतं.

चालून बघणे

आता फोन खिशात घालून उठा आणि चाला. निदान अर्धा दिवस हे करा आणि कागदावर टिपत राहा : प्रिंटरपाशी लॉक झालं का? पाण्याच्या फिल्टरपाशी? जिन्यात? खालच्या टपरीवर? सहकाऱ्याला स्क्रीनकडे बघत बसायला सांगा आणि लॉक झालं की मिस कॉल द्यायला लावा. मायक्रोसॉफ्ट सांगतं, की तुम्ही ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर गेल्यावर साधारण मिनिटभरात लॉक होतं. मुळात जाहीर केलं तेव्हा आकडा ३० सेकंदांचा होता. माझ्या टिपणात दोन्ही टोकं सापडली.

टप्पा कुठे संपतो, ही खरी भानगड. ब्लूटूथचा टप्पा दहा मीटर असं म्हणतात, पण ते मोकळ्या मैदानातलं. आमच्या ऑफिसात काचेची पार्टिशनं आहेत. वीस-बावीस पावलांवरच्या केबिनमध्येही सिग्नल जिवंत. उलट जुन्या दगडी वाड्यात बसणाऱ्या एका मित्राच्या ऑफिसात जाड भिंतीपलीकडे दोन पावलं टाकली की लॉक. आणखी एक गंमत म्हणजे माणसाचं शरीर. आपल्या अंगात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात असेल आणि तुम्ही कॉम्प्युटरकडे तोंड करून असाल, तर तुमचंच शरीर मधली भिंत होतं. त्यामुळे खिसा बदलला की आकडे बदलतात. चाचणी घेताना फोन रोज जिथे ठेवता तिथेच ठेवा.

पहिल्याच फेरीत काहीच लॉक होत नसेल तर घाबरू नका. जागेवर बसून फोनचं ब्लूटूथ बंद करा, माउसला हात न लावता मिनिट-दीड मिनिट थांबा. आता लॉक झालं तर यंत्रणा ठीक आहे आणि तुमचं ऑफिस लहान आहे, एवढाच अर्थ. तरीही झालं नाही तर जोडणीत खोट आहे.

मोजदाद पक्की हवी असेल आणि विंडोज प्रो असेल, तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीमध्ये ‘ऑडिट अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स’ चालू करा. मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी नोंदींत लॉक झाल्याची नोंद ४८०० या क्रमांकाने आणि उघडल्याची ४८०१ ने पडते, सेकंदासकट. पाळत ठेवायला याचा वापर करू नका. मी आठवडाभर ठेवलं, सगळ्यांना सांगून ठेवलं आणि मग बंद केलं.

ताण कमी-जास्त करणे

सगळं चालतंय, पण खूप उशिरा किंवा उगाचच लवकर लॉक होतंय, अशी तक्रार आली तरच इथे या. ही सोय ग्रुप पॉलिसी एडिटर या विंडोजची धोरणं बदलायच्या साधनातली आहे आणि तो एडिटर होम आवृत्तीत मिळत नाही.

वाट अशी : कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, विंडोज हॅलो फॉर बिझनेस, आणि तिथे ‘कॉन्फिगर डायनॅमिक लॉक फॅक्टर्स’. ते एनेबल केलं की सिग्नल रूल्सच्या चौकटीत एका ओळीचा नियम दिसतो. त्यात तीन आकडे महत्त्वाचे आहेत.

पहिला, उपकरणाचा वर्ग : ५१२. म्हणजे फोन. याला हात लावू नका.

दुसरा, आरएसएसआय (म्हणजे सिग्नलची ताकद) मिन : उणे १०. सिग्नल किमान एवढा असेल तर फोन ‘जवळ’ आहे असं धरायचं.

तिसरा, आरएसएसआय मॅक्स डेल्टा : हाही उणे १०. सिग्नल याहून जास्त घसरला की लॉक.

हे आकडे म्हणजे मीटर नव्हेत, सिग्नलची तुलनेने मोजलेली ताकद आहे. शून्य म्हणजे जोरदार, उणे १० त्याहून अशक्त, उणे ६० फारच अशक्त. लवकर लॉक हवं असेल तर तिसरा आकडा उणे १० वरून उणे ७ करा, मशीन बंद करून चालू करा आणि पुन्हा तीच फेरी मारा. एका वेळी एकच आकडा हलवा. मायक्रोसॉफ्टचा सल्ला मूळ आकडे तसेच ठेवण्याचा आहे. मीही नऊपैकी दोनच मशीनवर ते बदलले, आणि त्यातल्या एकावर पुन्हा मूळ पदावर आलो. तिथे उणे ५ केल्यावर माणूस फाईल घ्यायला खाली वाकला तरी लॉक व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने वैतागून सगळंच बंद करून टाकलं होतं. उशिरा लागणारं कुलूप निदान लागतं तरी. त्रास देणारं कुलूप लोक काढून फेकतात.

नेहमीचे बिघाड

लॅपटॉपवर हे कुलूप काही वेळाने आपोआप बंद पडत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या उपकरणाचे गुणधर्म उघडा. पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू दे’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर हे पानच नसतं, तिथे ब्लूटूथचा ड्रायव्हर अद्ययावत करणं एवढाच मार्ग.

फोन ‘पेअर्ड’ दिसतो, ‘कनेक्टेड’ नाही, म्हणून लोक हैराण होतात. त्याने बिघडत नाही. विंडोज मधूनमधून फोनला हाक मारून बघतं, सतत जोडलेलं राहावं लागत नाही. विंडोज सिक्युरिटीत तक्रार नसेल तर सोडून द्या.

मोठ्या अपडेटनंतर कुलूप मुकं झालं तर जोडणी दोन्हीकडून काढून नव्याने करा. नुसती कॉम्प्युटरवरून काढली तर फोन जुनी ओळख धरून बसतो.

आणि फोन घरी विसरलात त्या दिवशी हे कुलूप नाही असंच समजा.

मधलं ते एक मिनिट

तुम्ही ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर गेल्यापासून लॉक होईपर्यंत अर्धा ते एक मिनिट जातं. तेवढ्यात मिसळीचा संदेश आरामात टाकता येतो. म्हणून विंडोज आणि एल ही सवय सोडू नका. सवय चुकली तर झेलणारं जाळं म्हणून डायनॅमिक लॉक आहे. त्याच्याखाली आणखी एक जाळं लावा. शोधपट्टीत स्क्रीन सेव्हर टाका, पाच मिनिटांचा वेळ द्या आणि ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’वर खूण करा. फोन टेबलावर राहिला तरी हे चालतं. कार्डांचे व्यवहार सांभाळणाऱ्यांसाठीच्या पीसीआय डीएसएस नियमांत ही मर्यादा १५ मिनिटांची आहे. समोर अशील बसत असेल तर १५ मिनिटं फार झाली.

जाता जाता सेटिंग्ज, सिस्टीम, नोटिफिकेशन्समध्ये जाऊन लॉक स्क्रीनवर सूचना दाखवणं बंद करा. नाहीतर कुलूप लागलेल्या पडद्यावर मेलची पहिली ओळ झळकत राहते.

लॉक म्हणजे बंद नव्हे, हेही घरच्यांना आणि ऑफिसला सांगून ठेवा. डाउनलोड, प्रिंट, टॅली, सगळं मागे चालू राहतं. आमच्याकडे एकाला वाटलं की लॉकमुळे भरलेला फॉर्म उडाला. तो उडाला होता तो पोर्टलचं सत्र संपल्यामुळे, जे एरवीही संपलंच असतं.

मॅक आणि लिनक्स

मॅकमध्ये अ‍ॅपल वॉचने कॉम्प्युटर उघडायची सोय २०१६ च्या सिएरा या मॅकच्या आवृत्तीपासून आहे, पण ती उघडण्याची. दूर गेल्यावर बंद करण्याची जोड आत नाही. त्यासाठी गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या साइटवर बीएलईअनलॉक नावाचं मोफत, खुल्या स्रोताचं अ‍ॅप आहे. मेनूपट्टीतल्या त्याच्या चिन्हावर टिचकी मारून आयफोन किंवा घड्याळ निवडा, लॉकसाठी सिग्नलची मर्यादा ठरवा आणि ‘डिले टु लॉक’मध्ये काही सेकंद द्या. अनलॉकची मर्यादा डिसेबल्ड ठेवा. कारण पुढे येतंय. अँड्रॉइड फोन आपला ब्लूटूथ पत्ता बदलत राहतात, म्हणून त्यांच्याशी हे नीट जमत नाही.

लिनक्सवाले आपली वाट स्वतः काढतात, म्हणून फक्त तर्क सांगतो. दर पाच सेकंदांनी फोनला हाक मारणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, पण एका हाकेला उत्तर आलं नाही म्हणून लॉक करू नका. लागोपाठ तीन हाका फुकट गेल्या तरच करा. हा तीनचा नियम नसेल तर दिवसातून दहा वेळा विनाकारण पासवर्ड टाकत बसाल.

उघडण्यासाठी ही सोय का वापरायची नाही

फोन जवळ आला की आपोआप उघडावं, ही मागणी लगेच येते. डायनॅमिक लॉक ते करत नाही आणि योग्यच करतं. ब्लूटूथचा सिग्नल मधे उभं राहून पुढे ढकलता येतो. तुम्ही कॅन्टीनमध्ये, तुमच्याजवळ एक यंत्र, कॉम्प्युटरपाशी दुसरं, आणि कॉम्प्युटरला वाटतं फोन समोरच आहे. एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी मे २०२२ मध्ये अशाच पद्धतीने टेस्ला मॉडेल ३ गाडी उघडून दाखवली होती. लॉक चुकून लागलं तर फार तर पिन पुन्हा टाकावा लागतो. चुकून उघडलं तर शेजारच्या शेठचं विवरणपत्र.

लॉकने जे झाकलं जात नाही

आमच्या धंद्यात एक वस्तू या सगळ्याच्या बाहेर राहते : डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. पडदा लॉक, मशीन सुरक्षित, आणि टोकन पुढच्या पोर्टात लोंबकळत. ते उपटून कुणीही घेऊन जाऊ शकतं, आणि त्याचा पासवर्ड बरेचदा कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर. विंडोजमध्ये स्मार्ट कार्ड काढलं की लॉक होण्याचं एक धोरण आहे, पण ते त्याच कार्डाने लॉगिन केलेल्या मशीनसाठी. आपली सहीची टोकनं तशी वापरली जात नाहीत, त्यामुळे ते इथे कामाचं नाही. मी शेवटी आमच्या दोन्ही टोकनांना दोरी ओवली आणि ती ज्याच्या-त्याच्या स्कूटरच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवली. चहाला तशीच सोडून जाता येते, घरी मात्र जाता येत नाही.